दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस

गेल्या पावसाळ्यात पुण्याचा एक प्रॉडक्शन मॅनेजर मी बेळगावच्या एका कारखान्यासाठी जवळजवळ पक्का केला होता. पगार ठरला होता, टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळचा फ्लॅट बघून झाला होता, मुलीच्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. शनिवारी रात्री त्याचा फोन आला. पगाराचं काहीतरी नवीन काढणार, या तयारीनं मी फोन उचलला. तो म्हणाला, "सर, गाडी एमएच बारा पासिंगची आहे. तिकडं चालेल ना?"

चालेल की, म्हटलं. लग्नाचा बस्ता बांधायला चंदगड-गडहिंग्लजची माणसं शहापुरात येतात ती काय गाडीची पाटी झाकून येतात? वर्षाच्या आत नंबर बदलून घ्यावा लागेल, रोड टॅक्स परत भरावा लागेल, पुण्यात भरलेला परत मिळवायला आरटीओत खेटे घालावे लागतील, एवढंच. तो हो-हो म्हणत होता, पण मागून बायकोचा आवाज येत होता. तिच्या मोबाईलवर डिसेंबर २०२२ चा व्हिडिओ होता, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडतानाचा. त्यानंतर तिनं फेब्रुवारी २०२५ मधली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडल्याची बातमी काढली. सोमवारी त्याचा नकार आला. कारण लिहिलं होतं, 'कौटुंबिक'.

माणसं शोधून देणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्याआधी तीस वर्षं एका फाउंड्रीच्या पर्सोनेल खात्यात काढली. शेवटची काही वर्षं दारावरची पाटी बदलून 'एचआर' झाली, आतलं काम तेच राहिलं. तर ही पासिंगची गोष्ट इथं कुणालाही सांगितली की लगेच मान हलते. सीमावाद, दुसरं काय! मराठी माणूस म्हणतो कन्नडसक्तीमुळं चांगली माणसं येत नाहीत, कन्नड माणूस म्हणतो बेळगाव महाराष्ट्रात न्यायला निघालेल्या एकीकरणवाल्यांमुळं येत नाहीत. मग दोघे मिळून चहा पितात. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. आता म्हणवत नाही. कारण ज्या कारखान्यासाठी मी पुणं, चाकण, होसूर पालथं घातलं, त्याच कारखान्यात ते काम सतरा वर्षं करणारा एक माणूस बसलेला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बेळगाव जिल्ह्यात कामाचा तुटवडा नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे पंप आणि व्हॉल्व्ह, होनग्याचे कारखाने, हमरस्त्यालगत हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणारं सेझ, आणि चिकोडी-अथणी-गोकाककडं तर एका चिमणीवरून दुसरी दिसावी असे साखर कारखाने. ऑर्डर आहेत. कर्ज काढून आणलेल्या मशिनी आहेत. या दोन्हींच्या मधे उभा राहून दिवस नीट पार पाडणारा माणूस हवा असतो, आणि तो मिळत नाही म्हणून मालक मला फोन करतात. फोनवर पहिलंच वाक्य ठरलेलं असतं: "बाहेरचा असला तर बरं."

दुसरीकडं सरकारचं म्हणणं बरोब्बर उलटं. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं. खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि बाकीच्या ७० टक्के जागा स्थानिकांना. बेंगळुरूच्या कंपन्यांनी असा काही गलका केला की दोन दिवसांत ते बाजूला ठेवावं लागलं. पण विधेयक बाजूला पडलं तरी त्यातली 'स्थानिक' या शब्दाची व्याख्या काही बाजूला पडत नाही. ती पुन्हा कधीतरी वर येणार, म्हणून तिच्याकडं नीट बघायला हवं. राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षं राज्यात राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा तो स्थानिक. दहावीला कन्नड हा विषय असला पाहिजे, नसेल तर परीक्षा द्यायची.

आमच्याकडं हे कळल्यावर नेहमीप्रमाणं 'मराठी मुलांना हद्दपार करण्याचा डाव' अशी चर्चा झाली. मला ती पटली नाही. येळ्ळूरच्या किंवा कडोलीच्या मराठी शाळेतला मुलगाही कन्नड विषय घेऊनच दहावी होतो, त्यामुळं त्यातली बरीच मुलं या चाळणीतून पार झाली असती. माझा आक्षेप वेगळा आहे. या व्याख्येप्रमाणं सहाशे किलोमीटरांवरच्या चामराजनगरचा माणूस उद्यमबागेत स्थानिक ठरतो. त्यानं बेळगावचा पाऊस पाहिलेला नसतो, इथला कामगार कधी सुट्टीवर जातो हे त्याला ठाऊक नसतं. आणि पंधरा-सोळा किलोमीटरांवरच्या शिनोळीचा माणूस, जो बेळगावच्या बाजारात वाढला, बेळगावच्या कॉलेजात शिकला, ज्याची आत्या वडगावात आणि मावशी अनगोळात, तो परका. बरं, महाराष्ट्र तरी काय करतो? सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी तिथंही पर्यवेक्षकांच्या जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ८० टक्के स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवासी. कागदावर बघितलं तर खानापूरचा पोरगा कागलच्या एमआयडीसीत उपराच. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, त्या गावांतलं पोर इकडं भाषेनं परकं आणि तिकडं पत्त्यानं परकं.

हरयाणानं असाच कायदा करून पाहिला होता, ७५ टक्क्यांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पण त्या कायद्यात एक शहाणपण होतं: तीस हजारांपर्यंत पगाराच्या नोकऱ्यांपुरताच तो होता. मॅनेजरच्या केबिनमध्ये तो शिरत नव्हता. कर्नाटकचा मसुदा शिरला. स्थानिक माणूस मिळत नसेल तर तीन वर्षांत सरकारच्या मदतीनं तयार करा, असं त्यात लिहिलं होतं. तीन वर्षांत सीएनसीचा चांगला प्रोग्रॅमर तयार होतो. रात्री अकराला भट्टी बंद पडल्यावर कुणाला उठवायचं आणि कुणाला झोपू द्यायचं, हे कळणारा माणूस तीन वर्षांत होत नाही.

बाहेरचा साहेब आणि इथला दुय्यम, ही कथा बेळगावला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात येऊन भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात लक्ष घातलं. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथंच घडले. पुढं वसाहतीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेनं त्यांना हलवलं आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या एका माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आम्ही बेळगावकर ही गोष्ट 'किर्लोस्कर मूळचे आमचेच' असं छाती फुगवून सांगतो. त्यातलं आमचं कर्तृत्व एवढंच, की आम्ही त्यांना जागा खाली करायला लावली. मला त्या गोष्टीतलं पुढचं महत्त्वाचं वाटतं. त्या माळावर त्यांनी ज्यांना हाताशी धरलं त्यांत शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर होते, आणि त्यांच्याकडं यंत्रं घडवायचं काम होतं. ज्याला स्वतःला डावललं गेलं होतं, त्यानं दुसऱ्याच्या हातातली कला ओळखताना सर्टिफिकेट मागितलं नाही.

आता त्या सतरा वर्षांच्या माणसाविषयी. त्याचं नाव देत नाही, तो आजही नोकरीत आहे. गाव बेळगावपासून सायकलच्या अंतरावर, आयटीआय करून आमच्याच फाउंड्रीत लागला, पुढं रात्रीच्या वर्गातून डिप्लोमा केला. पद 'सीनियर इंजिनिअर', काम प्लांट चालवण्याचं. मी त्याला पहिल्यांदा कामात पाहिलं तो जुलै महिना होता. बेळगावचा जुलै म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही, भिंतीसुद्धा घामेजतात. त्या आठवड्यात कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव मालात, ब्लोहोल येत होते, वायूनं पडलेली छिद्रं. गिऱ्हाइकाकडून माल परत आला होता. बाहेरून आणलेले प्लांट हेड, चांगल्या कंपनीतून आलेला हुशार माणूस, लॅपटॉपवर आठ दिवसांचे आलेख लावून बसले होते. धातूच्या तापमानावर संशय होता. हा पठ्ठ्या मोल्डिंगपाशी गेला, वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. वाळूचा गोळा बोटांच्या खुणांसकट तसाच राहिला. त्यानं तो मधोमध मोडला, मोडलेल्या जागी अंगठा फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. तळव्यावर ओल होती.

"वाळू ओली झालीया," तो म्हणाला. "सकाळपासनं सांगायलोय. मीटिंग संपू दे म्हणालेत."

मग तो मोल्डरशी कन्नडमधून बोलला, पॅटर्न शॉपच्या म्हाताऱ्याशी मराठीतून आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, ओडिशाच्या पोरांशी हिंदीतून. तीन भाषांत तीन वेगळ्या शिव्या घातल्या आणि अर्ध्या तासात मिक्सरचं पाणी कमी झालं. त्या प्लांट हेडला मी नावं ठेवत नाही. वाळूचा मॉइश्चर मीटर बिघडलेला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि दुरुस्तीची चिठ्ठी मालकाच्या टेबलावर पडून होती. प्रश्न एवढाच आहे की या दोघांच्या पगारात अडीच पटींचा फरक होता. दीड वर्षानं प्लांट हेड बेंगळुरूला गेले. जाताना त्यांच्या बायोडेटात आमच्या फाउंड्रीचं रिजेक्शन कमी केल्याचा उल्लेख होता. तो मीच टाइप करून घेतला होता.

त्यानंतर ती जागा आणखी दोनदा भरली गेली. दोन्ही वेळा बाहेरून. मधल्या काळात जागा रिकामी असताना काम कोण बघत होतं, हे सांगायला नकोच. अशा मधल्या काळाला आमच्याकडं 'चार्ज' म्हणतात. तुझ्याकडं चार्ज दिलाय. चार्ज म्हणजे जबाबदारी सगळी, सही नाही.

ही सहीची भानगड मला पगारापेक्षा मोठी वाटते. इथले बहुतेक कारखाने घरचे आहेत. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेला, मुलानं वाढवलेला. मालक मराठी असो, लिंगायत असो, गुजराती असो, या बाबतीत सगळ्यांची जात एकच: पाच हजारांची खरेदी असली तरी चिठ्ठी मालकाच्या टेबलावर जाणार. मालक लग्नाला गेले तर बेअरिंग सोमवारी येणार. बाहेरून आलेल्या मॅनेजरला सुरुवातीला थोडे अधिकार मिळतात, कारण त्याला आणायला खर्च झालेला असतो. सहा महिन्यांत मालकाचा मेव्हणा स्टोअरमध्ये येऊन बसतो आणि अधिकार परत घरी जातात. (मेव्हण्यांवर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.) त्या माणसाला वाटतं बेळगाव छोटं गाव आहे, इथं वाढ नाही. तो निघून जातो, आणि मालक मला सांगतात, बाहेरची माणसं टिकत नाहीत हो.

वेगळा प्रयोग याच गावात झालेला आहे. मच्छेच्या पॉलिहायड्रॉन या हायड्रॉलिक्सच्या कंपनीत सुरेश हुंद्रे यांनी कामगारावर विश्वास टाकून देखरेखीचे थर कमी करत नेले, आणि ते बघायला लांबलांबून माणसं यायची. आमच्या उद्यमबागेतून किती जण गेले, हे विचारू नका. जवळचं देवस्थान राहूनच जातं.

परदेशी माणसांचा प्रश्न इथं आकड्यानं लहान आहे, पण शिकवतो खूप. हत्तरगीला फ्रान्स आणि कॅनडाच्या कंपन्यांच्या भागीदारीतले कारखाने आल्यापासून गोरा माणूस दिसला म्हणून आता कुणी वळून बघत नाही. त्याआधीही इंडालच्या काळात अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यामागं कॅनडाची कंपनी होती, म्हणजे ही ओळख जुनीच. परदेशी माणूस आणणं महाग असतं. त्याच्या रोजगार व्हिसाला पगाराची किमान अट आहे, जी बरीच वर्षं सालीना २५ हजार डॉलरची होती. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी. भविष्यनिर्वाह निधी त्याच्या पूर्ण पगारावर कापायचा नियम २००८ मध्ये आला, जो आपल्या माणसाला मर्यादेपुरताच लागू. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. वर घर, गाडी, विमानाची तिकिटं. एवढं करून शनिवार आला की साहेब चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला. रस्ता धड असेल तर.

हा खर्च वसूल होतो का, याचं उत्तर मी दोन माणसांत पाहिलं. एक जर्मन तंत्रज्ञ मोल्डिंग लाइन बसवायला आले होते, साठीच्या पुढचे. लाइन चालू झाल्यावर त्यांनी एक विचित्र सवय लावून घेतली. दुपारी चारनंतर दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभे राहायचे. काहीही झालं तरी हात बाहेर काढायचे नाहीत. लाइन अडकली, आमची पोरं त्यांच्याकडं बघायला लागली, की ते छताकडं बघायचे. पहिल्या आठवड्यात मालक वैतागले, एवढे पैसे मोजून हा माणूस उभाच राहतो म्हणून. दोन महिन्यांनी ते गेले तेव्हा लाइन थांबली नाही. दुसरे साहेब दुसऱ्या एका कारखान्यातले, आपल्याच देशातले, मोठ्या पगाराचे. सगळ्या मशिनींच्या सेटिंगचे पासवर्ड त्यांच्याकडं. ते सोडून गेल्यावर तीन दिवस कारखाना बंद होता, आणि पासवर्डसाठी मालकांनी त्यांना जे फोन केले ते ऐकून मला मालकांची दया आली. आयुष्यात एकदाच.

तेव्हा बाहेरचा माणूस आणू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. टाटांच्या पोलाद कारखान्यात सुरुवातीला वरच्या जागांवर परदेशी माणसं होती. सर जहांगीर गांधी पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले ते १९३८ मध्ये. काम शिकायला वेळ लागतो आणि शिकवणारा लागतो. पण बाहेरच्या माणसाशी करार करताना त्याच्यानंतर कोण, हे नाव त्याच कागदावर असायला हवं, आणि ते नाव घडलं तरच शेवटचा हप्ता द्यायचा. मी ही अट तीन मालकांना सुचवली. दोघे हसले. तिसऱ्यांनी विचारलं, "आणि तो तयार होऊन दुसरीकडं गेला तर?"

ऊसवाले याबाबतीत शहाणे आहेत. साखर कारखान्याचा एमडी बाहेरून येईल, चीफ केमिस्ट पुण्याच्या मांजरीच्या किंवा बेळगावच्याच साखर संस्थेत शिकलेला असेल आणि दर दोन हंगामांनी कारखाना बदलेल. शेतकी अधिकारी बाहेरून आणायची हिंमत मात्र कुणी करत नाही. कुणाचा ऊस कधी लागला, कुठल्या पाणंदीत ट्रॅक्टर रुततो, बीडकडची टोळी कुठल्या मुकादमाचं ऐकते, सीमेपलीकडचा कारखाना टनाला काय दर द्यायला लागलाय, हे ज्याला तोंडपाठ तोच त्या खुर्चीत बसतो. तो शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलतो, आणि त्याची मातृभाषा कुठली हे गळीत हंगामात कुणी विचारत नाही. कारण ऊस वाळला तर नुकसान लगेच दिसतं. कास्टिंगमधलं छिद्र दिसायला गिऱ्हाइकापर्यंत जावं लागतं.

आपल्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे मालकांच्या नावानं खडे फोडणं होईल. मराठी घरातली पोरं कन्नड बोलतात झकास. बसस्टँडवर, क्रिकेटमध्ये, कामगारांत त्यांचं काही अडत नाही. पण कामगार खात्याची नोटीस हातात आली की 'सर, तुम्हीच बघा' म्हणून पुढं सरकवतात. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला की आत दडतात. मॅनेजरला हे चालत नाही. राज्य कर्नाटकचं आहे, कागद कन्नडमध्ये येणार. कन्नड लिहिता-वाचता येणं म्हणजे सीमाप्रश्नावरचा हक्क सोडला असं मानणारी एक पिढी आमच्यात होती, थोडी माझ्यातही होती. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळणाऱ्या घरातल्या पोरानं २ तारखेला कन्नड नोटिशीला कन्नडमध्ये उत्तर लिहावं, यात मला काही विसंगत दिसत नाही. त्यानं निदान वकिलाची फी वाचेल. उलट बाजूनं, ज्यांना पोराचं कन्नड तपासायचं आहे त्यांनी त्याच्या मराठीची किंमतही मोजावी. या भागातल्या कामगारांत, पुरवठादारांत, कोल्हापूर-इचलकरंजीच्या गिऱ्हाइकांत मराठीवर चालणारा व्यवहार केवढा आहे! मॅनेजरच्या जाहिरातीत 'कन्नड आवश्यक' असतं, क्वचित 'इंग्रजी उत्तम' असतं. 'मराठी येत असल्यास प्राधान्य' असं मी एकदाच लिहून पाठवलं होतं. छापताना ते वाक्य गळलं.

एक तिसऱ्या जातीचा माणूस आहे, आणि माझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. तो म्हणजे परत येणारा. इथं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, गोगटे इन्स्टिट्यूट त्याच्याही आधीपासून, केएलईची कॉलेजं आहेत. दरवर्षी पोरं इंजिनिअर होतात आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू नाहीतर रातराणीनं पुणं गाठतात. पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या काहींचे आईवडील थकतात, शहापूरच्या घराला कुलूप लागायची पाळी येते, आणि पोरगा फोन करतो, "काका, तिकडं काही आहे काय बघा की." हा माणूस इथलाही आहे आणि त्यानं बाहेरचं जगही पाहिलेलं आहे. त्याला गाडीच्या पासिंगची भीती वाटत नाही. त्याला जुलै ठाऊक आहे.

अशा माणसाची मुलाखत कशी होते ते सांगतो, मी शेजारी बसलेलो असतो. पहिला प्रश्न, "पुणं का सोडताय?" म्हणजे तिथून काढलं असणार असा संशय. दुसरा, "किती दिवस राहणार?" तिसऱ्याला मालक खुर्चीत मागं रेलतात आणि म्हणतात, "हे बघा, बेळगावात खर्च कमी आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या आधीच माझी नजर खाली जाते. त्याला पुण्यात मिळतो त्याच्या दोन-तृतीयांश पगार पुढं केला जातो. पुण्याचाच, पुण्यात जन्मलेला माणूस असता तर त्याला पुण्याचा पगार आणि वर घरभाडं दिलं असतं. इथला म्हणून त्याला घराची सूट धरली जाते, जणू आईवडिलांचं घर ही मालकानं दिलेली सवलत आहे. बायकोच्या नोकरीचं तर कुणी काढतच नाही. ती पुण्यात बँकेत किंवा आयटीत असते, इथं तिच्यासाठी काय आहे हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीत येत नाही, तो रात्री घरी येतो आणि सकाळी मला नकार येतो. वंदे भारतनं पुणं जवळ आलं, पण जवळ आलेलं पुणं माणूस आणायला जेवढं उपयोगी, तेवढंच न्यायलाही.

म्हणून मला वाटतं, सरकारला स्थानिक ठरवायचाच असेल तर जिल्हा धरून ठरवावा, आणि शेजारचे तालुके सीमेपलीकडचे असले तरी त्यात धरावेत. दहा वर्षं इथं राहिला, किंवा इथल्या शाळेत शिकला, बास. कन्नड त्यानं कामावर लागल्यावर दोन वर्षांत शिकावं, पगारी वेळेत, कंपनीच्या खर्चानं. टक्केवारी मोजायचीच असेल तर खुर्च्यांची मोजू नका. गेल्या पाच वर्षांत रिकाम्या झालेल्या वरच्या जागांपैकी किती जागांवर आतली माणसं चढली, हे मोजा. हा आकडा कुठल्याच कारखान्याला आवडणार नाही, आमच्या जुन्या फाउंड्रीला तर नाहीच, आणि तिथला हिशेब तीस वर्षं माझ्याच कपाटात होता.

पुण्याच्या त्या माणसाचा नकार आल्यावर मालकांचा फोन आला. हवालदिल झाले होते, डिस्पॅच तुंबला होता. म्हणाले, आता होसूरला बघा, कोईमतूरला बघा, पगार वाढवू, कंपनीची गाडी देऊ, केए बावीसची, बेळगाव पासिंगची. मी म्हटलं, माणूस आहे माझ्या नजरेत. सतरा वर्षांचा अनुभव, तिन्ही भाषा, वाळूपासून डिस्पॅचपर्यंत सगळं येतं, नोटीस पिरियडसुद्धा नाही. त्यांचा आवाज एकदम खुलला. "कुठं असतो? पाठवा की उद्याच." मी नाव सांगितलं. पलीकडं थोडा वेळ फक्त प्रेसचा धाड-धाड आवाज येत राहिला.

"तो होय," मालक म्हणाले. "तो काय, आपलाच आहे की."